मोर्तबाखालची ओळ

मराठी राज्याच्या पत्रव्यवहारात मजकूर संपल्यावर शेवटच्या शब्दाला लागून जो लहान शिक्का उमटविला जात असे त्याला मोर्तब म्हणत, आणि पत्राच्या माथ्यावरील मुद्रेच्या मानाने तो आकाराने लहान असला तरी त्याचे काम अधिक बारकाईचे होते. पत्र कोणाच्या नावाने निघाले हे मुद्रा सांगे, तर मजकूर कुठे संपला हे मोर्तब सांगे. काही मोर्तबांवर ‘लेखनसीमा’ असाच शब्द कोरलेला आढळतो, आणि त्या शिक्क्याचे प्रयोजन त्याहून नेमकेपणाने सांगणे अवघड आहे, कारण त्याच्या खाली कोणी एखादी ओळ वाढविली तर ती मूळ पत्राची नव्हे हे वाचणाऱ्याला पाहताक्षणी कळत असे. इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजावरील डिजिटल स्वाक्षरी तपासताना आज जे दोन प्रश्न विचारावे लागतात, म्हणजे हा दस्तऐवज कोणाचा आणि त्यातला कुठपर्यंतचा मजकूर त्याचा, ते याच दोन शिक्क्यांचे प्रश्न आहेत. स्वाक्षरी करण्याचा इतिहास पुष्कळदा सांगितला जातो. ती पडताळून पाहण्याचा इतिहास मात्र बाजूला राहतो, आणि दस्तऐवजाचे खरे बळ तर पडताळणीतच असते.

शिवाजी महाराजांची अष्टकोनी संस्कृत मुद्रा १६४६ सालच्या, रांझे गावच्या पाटलाला दिलेल्या शिक्षेसंबंधीच्या पत्रावर दिसते. पुढे राज्याभिषेकाच्या वर्षी, १६७४ मध्ये, अष्टप्रधानांची कामे ठरविणारा जो कानुजाबता म्हणून प्रसिद्ध आहे, त्यात राजपत्रे शोधून त्यातील अधिकउणे अक्षर शुद्ध करण्याचे आणि पत्रावर संमतीची खूण करण्याचे काम सचिवाकडे सोपविलेले दिसते. म्हणजे पत्र बाहेर पडण्यापूर्वीच त्याची एक तपासणी होत असे. लांब पत्रासाठी कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवीत, आणि मधला बंद काढून दुसरा घालता येऊ नये म्हणून जोडाच्या पाठीमागे अर्धा एका बंदावर व अर्धा दुसऱ्यावर पडेल असा शिक्का मारीत. जोड उकलला की शिक्का फाटला. मजकुराच्या एका भागाला दुसऱ्याशी अशा रीतीने बांधून ठेवायचे की मधे केलेला फेरफार लपूच नये, ही कल्पना संगणकशास्त्राने फार उशिरा आणि फार वेगळ्या साधनांनी पुन्हा अमलात आणली. पत्राची नोंद दफ्तरात राही आणि पुढे वाद उभा राहिला की ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ काढून ताडून पाहता येई.

गावपातळीवरची रीत निराळी होती, कारण तेथे लिहिता येणारी माणसे थोडी होती. वतनाच्या वादाचा निकाल गोतसभेत, म्हणजे त्या वतनाशी संबंधित भाऊबंद, गावकरी आणि बलुतेदार यांच्या सभेत होई आणि त्याचा जो कागद तयार होई त्याला महजर म्हणत. महजरावर नावापुढे प्रत्येकाची निशाणी असे: पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, कारागिराचे त्याच्या धंद्यातले हत्यार. ही निशाणी कोणालाही काढता आली असती, कारण नांगराचे चार रेघांचे चित्र नक्कल करण्यास अवघड नव्हते. तिची खात्री देणारी गोष्ट कागदावर नव्हतीच, ती सभेला बसलेल्या माणसांच्या आठवणीत होती. लेख, साक्षी आणि भोगवटा या तिन्हींनी निर्णय होईना तेव्हा दिव्याची, म्हणजे तापलेले लोखंड हाती धरण्यासारख्या दैवी कसोटीची पाळी येई, आणि कागद तपासण्याची साधने कुठे संपत होती हे त्यावरून कळते.

पडताळणी कोणाच्या हाती असावी हा प्रश्न महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात फार तीव्रतेने पुढे आला. १८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा पेशव्यांचे दफ्तर कंपनी सरकारच्या ताब्यात गेले आणि इनामदारांजवळच्या सनदा खऱ्या की बनावट हे ठरविण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला. दक्षिण महाराष्ट्रात १८४३ पासून चालू झालेल्या चौकशीला १८५२ च्या ११ व्या कायद्याने पक्के रूप दिले, आणि हीच चौकशी इनाम कमिशन या नावाने लोकांच्या स्मरणात राहिली. पिढ्यान्पिढ्या जमीन कसणाऱ्या कुटुंबाला आपली सनद हजर करावी लागे, आणि ती ज्या नोंदींशी ताडली जाई त्या नोंदी पुण्याच्या दफ्तरात, रुमालांत बांधलेल्या, मोडी लिपीतल्या आणि सरकारच्या कुलपात होत्या. बनावट सनदा त्या काळी मुळीच नव्हत्या असे म्हणता येणार नाही; परंतु दफ्तर बाळगणारे, निकाल देणारे आणि इनाम रद्द झाल्यास महसूल मिळविणारे सरकार एकच होते, आणि सनद हाती असलेल्या माणसाला ती स्वतः पडताळून दाखविण्याची कोणतीच सोय नव्हती. त्यातून माजलेला असंतोष १८५७ च्या सुमारास सरकारलाही जाणवला. पुढे १८६३ च्या कायद्यांनी ठरावीक सारा भरून ही चौकशी टाळण्याचा मार्ग इनामदारांना दिला. याच चौकशीच्या गरजेपोटी पेशवे दफ्तर जपले गेले आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात ते आज अभ्यासकांना पाहता येते, ही गोष्टही येथे नोंदविली पाहिजे.

इंग्रजी अमलात शिक्क्याची जागा हळूहळू सहीने घेतली, आणि निशाणीच्या जागी अंगठा आला. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका ठेकेदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला, आणि बोटांच्या ठशांनी माणूस ओळखण्याच्या पद्धतीची एक सुरुवात तेथे झाली. १८७२ च्या पुरावा कायद्याने वादग्रस्त सही कबूल सहीशी ताडून पाहण्याची मुभा न्यायालयाला दिली. त्याच कायद्यात ३० वर्षांहून जुना आणि योग्य ताब्यातून आलेला दस्तऐवज खरा मानण्याचे गृहीतक होते. कागद जितका जुना तितका त्याच्यावर विश्वास अधिक, असा त्याचा अर्थ, आणि पुढे आलेल्या तंत्राने नेमके हेच उलटे केले.

संगणकावरील मजकुराची अडचण अशी की त्याची नक्कल आणि अस्सल यांत काहीच फरक नसतो. शाई फिकट होत नाही, कागद खरवडलेला दिसत नाही, आणि सहीचे चित्र एका फाइलमधून उचलून दुसऱ्या फाइलमध्ये चिकटविले तर ते मूळच्याइतकेच स्वच्छ दिसते. दोघांनी मिळून एक गुप्त शब्द ठरविला तर त्यांना एकमेकांचा निरोप ओळखता येतो. पण तो शब्द दोघांनाही ठाऊक असल्यामुळे निरोप कोणी लिहिला हे तिसऱ्याला, म्हणजे न्यायाधीशाला, कधीच सांगता येत नाही. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या पेचाची मांडणी नेमकी केली: स्वाक्षरी अशी हवी की ती खरी आहे हे कोणालाही ओळखता यावे, पण ती निर्माण करणे मात्र एकालाच शक्य असावे. त्यासाठी त्यांनी चाव्यांच्या जोडीची कल्पना पुढे आणली, ज्यातील खासगी चावी सही करणाऱ्याने स्वतःजवळ जपायची आणि सार्वजनिक चावी सर्वांना देऊन टाकायची. पडताळणीच्या इतिहासातले खरे वळण येथे आहे. तपासण्याचे साधन आणि घडविण्याचे साधन यांची फारकत झाली, आणि इनामदाराला जे कधीच मिळाले नव्हते ते, म्हणजे दफ्तराच्या दारात न जाता कागद स्वतः तपासण्याचे सामर्थ्य, निदान तत्त्वतः सर्वांना मिळाले.

ही कल्पना प्रत्यक्षात आणणारी पहिली पद्धत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९७७ मध्ये शोधली आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला आरएसए म्हणतात. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधून काढणे अतिशय कष्टाचे, या साध्या वस्तुस्थितीवर ती उभी आहे. सबंध दस्तऐवजावर हे गणित चालविणे जड जाते, म्हणून आधी त्याचा हॅश काढतात. हॅश म्हणजे कितीही लांबीच्या मजकुरापासून ठरावीक रीतीने काढलेली ठरावीक लांबीची संख्या; आज प्रचलित असलेल्या शा-२५६ या रीतीने ती २५६ बिटांची होते. सातबारा उताऱ्यात क्षेत्र ० हेक्टर ४० आर असेल आणि कोणी त्यातला एकच अंक बदलून ते ० हेक्टर ४९ आर केले, तर नव्या फाइलचा हॅश जुन्याच्या जवळपासचा येत नाही, तो पार वेगळाच येतो. सही करणारा हा हॅश आपल्या खासगी चावीने गणिती रीतीने बांधतो, आणि हीच डिजिटल स्वाक्षरी. तपासणारा सार्वजनिक चावीने ती उलगडून आतला हॅश काढतो, हाती आलेल्या फाइलचा हॅश स्वतः नव्याने काढतो आणि दोन्ही ताडून पाहतो. दोन्ही जुळले तर मजकूर बदललेला नाही. जुळले नाहीत तर काही तरी बदलले आहे, मग तो एक स्वल्पविराम का असेना. जोडावरचा शिक्का जे काम बंदांच्या सांध्यापुरते करीत असे ते हॅश प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर करतो.

परंतु सार्वजनिक चावी ज्याची म्हणून दाखविली जाते त्याचीच आहे कशावरून, हा प्रश्न यानेही सुटत नाही. डिफी आणि हेलमन यांच्या मनात चाव्यांची एक सार्वजनिक नोंदवही होती. लॉरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने १९७८ मध्ये एमआयटीतच लिहिलेल्या प्रबंधात त्याऐवजी प्रमाणपत्राची कल्पना मांडली. प्रमाणपत्र म्हणजे ‘ही चावी या व्यक्तीची आहे’ असे सांगणारा, आणि स्वतः डिजिटल स्वाक्षरी केलेला, छोटा दस्तऐवज. तो देणाऱ्या संस्थेची चावी तिच्यावरील संस्था प्रमाणित करते, आणि ही साखळी जिथे संपते त्या शेवटच्या चावीला मूळ किंवा रूट म्हणतात. महजरावरील निशाणी जशी सभेने ओळखायची तशी ही चावी साखळीने ओळखायची. रूटवर मात्र विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. साखळीतली एक कडी तुटली तर काय होते हे २०११ मध्ये नेदरलँड्समध्ये दिसले. तेथील डिजिनोटार या प्रमाणपत्रे देणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत शिरकाव करून शेकडो बनावट प्रमाणपत्रे काढली गेली, डच सरकारला तिच्यावरचा विश्वास काढून घ्यावा लागला, आणि काही आठवड्यांत कंपनी दिवाळखोर ठरली.

कायद्याने या तंत्राला मान्यता देण्यास १९९५ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यापासून सुरुवात झाली, आणि भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमात चाव्यांची जोडी आणि हॅश यांचा उल्लेख आहेच, पण त्याच कलमात सही करणाऱ्याची सार्वजनिक चावी वापरून कोणाही व्यक्तीला दस्तऐवज पडताळता येतो असेही म्हटले आहे, आणि ‘कोणाही व्यक्तीला’ या दोन शब्दांचे मोल इनाम कमिशनचा इतिहास वाचलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागणार नाही. प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांना परवाना देण्यासाठी केंद्र सरकारने नियंत्रकाचे कार्यालय स्थापन केले आणि देशाची मूळ चावी त्याच्याकडे ठेवली. पुरावा कायद्यातही त्याच वेळी दुरुस्ती होऊन, प्रमाणपत्रातील सार्वजनिक चावी लावून स्वाक्षरी तपासण्यास न्यायालय कोणालाही सांगू शकेल अशी तरतूद झाली. मृत्युपत्र मात्र आजही या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. ते कागदावरच करावे लागते.

प्रत्यक्ष पडताळणी कशी दिसते हे ई-आधारच्या पीडीएफ फाइलवर पाहता येते. अनेक संगणकांवर ही फाइल उघडली की स्वाक्षरीच्या चौकटीवर पिवळे प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ ही अक्षरे दिसतात, आणि पुष्कळ माणसे त्याचा अर्थ फाइल खोटी असा करतात. तो अर्थ चुकीचा आहे. फाइल उघडणाऱ्या प्रोग्रॅमजवळ विश्वासार्ह रूट चाव्यांची स्वतःची यादी असते. त्या यादीत साखळीचे मूळ सापडले नाही की हॅश जुळूनही तो आपले मत राखून ठेवतो. चौकटीवर उजवी कळ दाबून स्वाक्षरीचा तपशील उघडला आणि प्रमाणपत्राची साखळी भारताच्या रूटपर्यंत पोचते हे पाहून ते प्रमाणपत्र विश्वासाच्या यादीत घातले, तर प्रश्नचिन्हाच्या जागी हिरवी खूण येते. ही पायरी डोळे मिटून केली तर तपासणीत अर्थ उरत नाही, कारण खोट्या प्रमाणपत्रालाही याच रीतीने विश्वासाच्या यादीत बसविता येते. साखळीच्या शेवटी कोणाचे नाव आहे हे वाचणे हाच तिचा गाभा आहे.

हिरवी खूण दिसली म्हणजे काम संपले असेही नाही. पीडीएफची रचना अशी आहे की फाइलला नंतर काही जोडायचे असेल तर जुना भाग न हलविता नवा मजकूर शेवटी लावता येतो, आणि स्वाक्षरीने फाइलच्या कोणत्या टप्प्यापर्यंतचा मजकूर बांधला आहे याची नोंद स्वाक्षरीतच असते. जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ च्या आरंभी जाहीर केले की संगणकावर पीडीएफ वाचण्याच्या २२ प्रोग्रॅमपैकी २१ प्रोग्रॅमना फसविता येते: स्वाक्षरी केलेल्या फाइलमध्ये दिसणारा मजकूर बदलला तरी ते स्वाक्षरी वैधच दाखवीत. त्यांच्या युक्त्यांपैकी एक युक्ती स्वाक्षरीच्या पुढे मजकूर जोडून प्रोग्रॅमला त्याचा पत्ता लागू न देण्याची होती. मोर्तबाखाली लिहिलेली ओळ पत्राची नव्हे हे पत्र वाचणाऱ्या कारकुनाला समजत होते, पण लेखनसीमेची नोंद हाताशी असूनही या प्रोग्रॅमांना ते समजले नव्हते. कंपन्यांनी पुढे दुरुस्त्या केल्या, म्हणूनच जुना, अद्ययावत न केलेला प्रोग्रॅम पडताळणीसाठी वापरणे धोक्याचे आहे.

काळाचा प्रश्नही डिजिटल स्वाक्षरीच्या बाबतीत उलटा फिरतो. भारतातील स्वाक्षरी-प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त ३ वर्षांची असते, आणि त्यापूर्वीही चावी चोरीला गेल्यास ते रद्द करून रद्द प्रमाणपत्रांच्या यादीत घालतात. त्यामुळे तपासणाऱ्याला सही कोणत्या क्षणी झाली आणि त्या क्षणी प्रमाणपत्र जिवंत होते का, हे पाहावे लागते. वेळेचा स्वतंत्र शिक्का, ज्याला टाइमस्टॅम्प म्हणतात, तो यासाठीच असतो. हॅशच्या रीतीही म्हाताऱ्या होतात. भारताच्या २००० सालच्या नियमांत एमडी-५ आणि शा-१ या दोन रीती होत्या. त्यांपैकी पहिली २००४ मध्ये चिनी गणितज्ञ वांग श्याओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडून दाखविली, आणि २०१७ मध्ये ॲमस्टरडॅम येथील संशोधन संस्था आणि गूगल यांनी शा-१ चा एकच हॅश येणाऱ्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ फाइली लोकांसमोर ठेवल्या. कागदाला ३० वर्षांनी बळ येते. इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजासाठी कायद्याने तसेच गृहीतक ५ वर्षांवर आणले आहे, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही दोन्ही गृहीतके कायम आहेत. ज्या दस्तऐवजाची पडताळणी दर वर्षागणिक अवघड होत जाते त्याला लवकर खरे मानण्याची घाई कायद्याने का करावी, याचा विचार अजून पुरेसा झालेला नाही.

महाराष्ट्रात या सगळ्याचा सर्वांत मोठा उपयोग सातबाऱ्यात होतो. गाव नमुना ७ म्हणजे हक्कांची नोंद आणि नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद, या दोहोंचा मिळून होणारा हा उतारा १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीसह मिळू लागला, आणि १५ रुपये भरून तो कोणालाही घरबसल्या उतरवून घेता येतो. तलाठ्याच्या सही-शिक्क्यासाठी चावडीवर घातलेल्या खेपा वाचल्या, ही शेतकऱ्याच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. परंतु बँकेत किंवा कार्यालयात हा उतारा छापूनच मागितला जातो, आणि छापताच स्वाक्षरी नाहीशी होते, कारण ती बिटांची होती, कागदावर तिचे केवळ चित्र उतरते. छापील प्रतीची खात्री करायची तर तिच्यावरचा पडताळणी क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर घालून तेथे निघणारा उतारा हातातल्या उताऱ्याशी ताडावा लागतो, म्हणजे पुन्हा दफ्तराला विचारावे लागते. ही सोय उपयोगी आहे आणि बनावट कागद पकडण्यास ती पुरेशीही आहे. पण दफ्तर बंद असेल, किंवा उद्या वाद दफ्तराच्या नोंदीविषयीच असेल, तर ‘कोणाही व्यक्तीला’ कायद्याने दिलेली पडताळणी छापील कागदावर करता येत नाही. म्हणून उतारा काढणाऱ्याने छापील प्रतीबरोबर मूळ पीडीएफ फाइलही जशीच्या तशी, पुन्हा जतन न करता किंवा तिची पाने वेगळी न करता, सांभाळून ठेवावी, आणि कार्यालयांनी कागदाऐवजी ती फाइल मागण्यास सुरुवात करावी. अस्सल तीच आहे, आणि छापलेला कागद ही तिची नक्कल आहे.